पडद्यावरचं पडद्यावर, हातातलं हातात

प्रश्न : ताई, कोथरूडला आमची ४२ फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. रीडेव्हलपमेंटसाठी ४ बिल्डरांच्या ऑफर आल्यात, मी सेक्रेटरी (वय ६७), त्यामुळे पीपीटी करायचं माझ्या गळ्यात पडलं. एकही मुद्दा सुटू नये म्हणून ३८ स्लाइड केल्या. दहाव्या-बाराव्या स्लाइडला लोक आपापसात बोलायला लागले आणि तळमजल्यावरच्या काकू उठून म्हणाल्या, "ते राहू द्या हो, मला जागा किती मिळणार ते सांगा." दोन आठवडे रात्री जागून केलेलं सगळं पाण्यात. पुढच्या महिन्यात परत सभा आहे. फाइल सोबत पाठवतोय, काय चुकलं ते सांगा.

उत्तर : काका, रागावू नका, पण काकूंनी तुमचं अर्धं काम करून दिलंय. त्यांचा प्रश्न हीच तुमची पहिली स्लाइड.

फाइल उघडून बघितली. मेहनत दिसते, त्यात वादच नाही. पण ११ नंबरची स्लाइड घ्या, 'तुलनात्मक तक्ता'. ४ बिल्डर, २३ ओळी, म्हणजे ९२ चौकोन, आणि अक्षर ११ पॉइंटचं. आता हिशोब करू. पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड साडेसात इंच उंच असते आणि एका इंचात ७२ पॉइंट बसतात. हॉलमधला पडदा ४ फूट उंच धरला तर तुमची ११ पॉइंटची ओळ तिथे वेलांटी-उकारासकट जेमतेम इंचभर होते, शेवटच्या रांगेतल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेल्या आजोबांना ती मुंग्यांची रांग दिसणार. तेच २८ पॉइंट केलं तर अडीच इंच. घरच्या घरी तपासायचं असेल तर लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवा, स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावा आणि सहा-सात फूट मागे, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे रहा. साधारण १५ इंची लॅपटॉपचा स्क्रीन पडद्याच्या एक षष्ठांश असतो, म्हणजे दारातून जे दिसतं तेच हॉलमधे ४० फुटांवरून दिसणार. वहिनींनाच उभं करा, तुम्हाला मजकूर पाठ आहे त्यामुळे तुम्हाला दिसल्यासारखं वाटेल.

मग तो तक्ता टाकून द्यायचा का? अजिबात नाही! तो कागदावर द्यायचा. ए-४ वर छापा, सभेच्या दोन दिवस आधी घरोघरी टाका, लोक चहा पिता पिता त्यावर पेनाने खुणा करतील, जावयाला फोटो पाठवतील. तक्ता हातात घेऊन, मागेपुढे करत वाचायची गोष्ट आहे. पडद्यावर तुम्ही बोलत असताना तो लावला की लोक एकतर वाचतात नाहीतर ऐकतात, दोन्ही जमत नाही. बहुतेक जण वाचतात आणि तुमच्या आधी खाली पोचून शेजारच्याशी बोलायला लागतात.

पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न घ्या. जागा किती, भाडं किती आणि किती महिने, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) किती, बिल्डर मधेच पळाला तर काय. आणि वर नुसतं 'कार्पेट एरिया' असं पाटी लावल्यासारखं लिहू नका, जे सांगायचंय ते अख्खं वाक्य लिहा : 'ब बिल्डर जागा सगळ्यात जास्त देतो, भाडं सगळ्यात कमी.' एवढं वाचून कोणी पाणी प्यायला बाहेर गेलं तरी चालेल.

शीर्षकावर मी एवढी अडून का बसते सांगते. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते २००३ च्या जानेवारीत उडताना बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच, धोका किती आहे हे सांगणाऱ्या स्लाइड नासातल्या लोकांपुढे ठेवल्या गेल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून वाटावं की फारसं काळजीचं नाही. आणि अगदी खाली, बुलेटच्या पोटातल्या बुलेटच्या पोटात, बारीक अक्षरात होतं की ज्या चाचणीवरून अंदाज बांधला तिच्यातला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि हा १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! जी गोष्ट वर मोठ्या अक्षरात हवी होती ती तळाला गेली. १ फेब्रुवारीला यान परत येताना तुटलं, सातही जण गेले. अपघात काही स्लाइडमुळे झाला नाही, पण चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडवर आणि एकूणच नीट लिहिलेल्या रिपोर्टऐवजी स्लाइडवर भागवायच्या सवयीवर टीका आहे, एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने तर त्या एका स्लाइडची ओळ न् ओळ सोलून दाखवली. तुमच्या फाइलमधे बँक गॅरंटीचा, म्हणजे बिल्डर पळाला तर पैसे कोण देणार याचा, मुद्दा कुठे आहे माहितीये? ३१ नंबरच्या स्लाइडवर, खालून दुसरी ओळ.

अजून एक, आलेखाचं. तुम्ही ६१० आणि ६४० चौरस फुटांचे खांब काढलेत आणि खालचा आकडा ६०० पासून सुरू केलाय. त्यामुळे एक खांब दुसऱ्याच्या चौपट दिसतो, खरा फरक ५ टक्के. एक्सेलने आपल्या मनाने केलं असेल, पण तुम्ही सेक्रेटरी आहात काका, हे कोणी पकडलं तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही बिल्डरचे माणूस. खांब शून्यापासूनच काढा. हिरवा-लाल रंगही नको, काही जणांना, त्यातही पुरुषांना जास्त, त्यातला फरकच कळत नाही.

आणि 'पीएमसी' असं सगळीकडे लिहिलंय. तुमच्या डोक्यात प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, पुण्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात महापालिका! पूर्ण लिहा.

प्रश्न : मी शाळेत शिकवते, सदाशिव पेठेत. मराठीतली स्लाइड माझ्या लॅपटॉपवर छान दिसते, शाळेच्या हॉलमधे लावली की कधी इंग्रजी अक्षरांचं कडबोळं, कधी वेलांट्या वरच्या ओळीत घुसलेल्या. माझंच असं होतं का?

उत्तर : छे, टिळक रोडच्या जवळ एका हॉलमधे दीडशे माणसांसमोर माझं झालंय. 'स्वागत' च्या जागी काहीतरी असं उमटलं की पहिल्या रांगेतलं पोरगं ते मोठ्याने वाचायला लागलं. तेव्हापासून पीडीएफची कॉपी पेन ड्राइव्हमधे असल्याशिवाय मी घरातून निघत नाही.

तुमचे आजार दोन आहेत. कडबोळं होतं ते श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमुळे. त्यात कंप्युटरच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच असतं, फॉन्ट त्याला फक्त मराठी कपडे घालतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की कपडे उतरतात. मजकूर युनिकोडमधे, म्हणजे कंप्युटरही ज्याला मराठी अक्षरच मानतो त्या पद्धतीत, टाइप करा. निर्मला किंवा मंगल विंडोजमधे बहुतेक असतातच, मुक्ता आणि बालू फुकट मिळतात आणि पडद्यावर मस्त दिसतात. वेगळा फॉन्ट वापरला तर सेव्हच्या ऑप्शनमधे फॉन्ट फाइलमधेच एम्बेड करायची सोय आहे, ती टिक करा.

वेलांट्या घुसतात त्याचं कारण, इंग्रजीच्या मापाचं ओळींमधलं अंतर आपल्याला पुरत नाही. आपल्याकडे वर 'र्की', खाली 'द्धू', दोन्ही मजले भरलेले. अंतर १.२ च्या पुढे न्या. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बारीक अक्षर बोल्ड केलं की 'ष' आणि 'ध' ची पोटं भरून जातात, त्यापेक्षा साधंच ठेवून मोठं करा. इटॅलिक तर देवनागरीत मला कधीच बघवलं नाही, पण ते माझं मत.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे. मॅनेजर म्हणतो मीटिंगला जी डेक (स्लाइडची फाइल) दाखवणार तीच नंतर मेल करायची, म्हणून सगळं त्यातच लिही. मग लोक म्हणतात स्लाइड फार भरलेल्या आहेत. करू काय?

उत्तर : मॅनेजर बदलता येत नाही हे धरून चालू. प्रत्येक स्लाइडच्या खाली नोट्सची जागा असते, 'सगळं' तिथे लिही. स्क्रीनवर फक्त आकडा आणि वाक्य. मेल करताना नोट्स पेजेस म्हणून पीडीएफ काढ, वर स्लाइड खाली मजकूर, मॅनेजर खूश. आणि चर्चा भलतीकडे गेली की स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं इंग्रजी बी दाबायचं, पडदा काळा होतो, लोक एकदम माणसाकडे बघायला लागतात. परत बी दाबलं की स्लाइड जागेवर.

प्रश्न : बीईच्या प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन आहे, १० मिनिटं. किती स्लाइड करू? आणि अ‍ॅनिमेशन?

उत्तर : आकड्याचं एवढं काही नाही रे, पण ८-१० च्या वर गेलास तर शेवटी धावपळ होणार आणि रिझल्ट, ज्याच्यासाठी वर्ष घातलंस, ते ४० सेकंदात उरकणार. घड्याळ लावून मोठ्याने दोनदा बोलून बघ, मित्रासमोर, मनातल्या मनात नाही. सर्किट किंवा फ्लोचार्ट टप्प्याटप्प्याने उघडायला अ‍ॅनिमेशन वापर, गोल फिरत येणारी अक्षरं नकोत. शेवटची 'थँक यू' ची स्लाइड काढून टाक. प्रश्नोत्तरांची पाचेक मिनिटं पडद्यावर तीच राहते, तिथे तुझ्या रिझल्टचा आलेख ठेव, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) प्रश्न त्यावरच विचारतील आणि तो तुला येत असेलच.