विंडोज ११ टाकल्यावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स रिकामं! कोणतं रिकव्हरी सॉफ्टवेअर विकत घेऊ?

कोणतंच नको. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने परवा विंडोज १० काढून ११ टाकून दिलं, घरी आल्यावर डेस्कटॉप कोरा, डॉक्युमेंट्स कोरं, आणि तो म्हणतो डेटा गेला, रिकव्हरीचे वेगळे पडतील. परवाच टाकलंय ना? मग सी ड्राइव्ह उघडा आणि विंडोज.ओल्ड (Windows.old) नावाचा फोल्डर आहे का बघा. त्यात यूजर्स, त्यात तुमच्या जुन्या खात्याचं नाव, त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. परवानगी नाही म्हणाला तर कंटिन्यू दाबा आणि हिरवी पट्टी सरकेपर्यंत दुसरं काही दाबू नका. सापडेल ते पेनड्राइव्हवर कॉपी करा. कट नव्हे, कॉपी.

आता 'डेटा गेला' हे ऐकलं की माझं डोकं का फिरतं ते सांगते.

माझे सासरे निवृत्त शिक्षक. गेली कित्येक वर्षं घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. कोणती शाखा इंदूरला गेली, कोण बडोद्याला, कोण कुणाकडे दत्तक गेलं, सगळं पत्रं पाठवून, लोकांच्या घरी जाऊन गोळा केलेलं. टायपिंग श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फायली सगळ्या डेस्कटॉपवर. नावंही अशी: 'शाखा तिसरी नवीन', 'शाखा तिसरी नवीन खरी', 'शाखा तिसरी हीच धरावी'.

धाकटे दीर पुण्यात आयटीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आठवड्याभरात दिवाळी आली. पाडव्याला जेवणं झाली आणि भाऊजी पेनड्राइव्ह घेऊन बाबांच्या कॉम्प्युटरला बसले. मी म्हटलं, "साधं अपग्रेड करा की, त्यात फायली ठेवायचा पर्याय असतो." तर म्हणे, "वहिनी, अपग्रेडमध्ये जुना कचरा तसाच राहतो. क्लीन इन्स्टॉलच करायचं असतं." इंजिनिअर माणूस. आपण काय बोलणार!

तासाभराने स्क्रीनवर निळं चित्र, एक रिसायकल बिन आणि एज ब्राउझर. बाबा चष्मा हातात घेऊन मागे उभे. "माझी तिसरी शाखा?" यावर भाऊजींनी काय म्हणावं? "डेस्कटॉपवर ठेवली होतीत? डेस्कटॉपवर कोण ठेवतं, बाबा? डी ला ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं. आता गेलं ते." शिवाय वर, "तुम्हीच आधी कधीतरी डिलीट केलं नाहीत ना?"

हे मला अजून विसरता येत नाही. म्हाताऱ्या माणसाचं काम आपण घालवायचं आणि दोषही त्याच्याच पदरात टाकायचा.

मी बाहेर येऊन बघते तर भाऊजी सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून बसलेले. नुकतं विंडोज टाकलंय तरी सी इतका भरलेला कसा, म्हणून. यादीत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन', समोर भलेमोठे जीबी, चौकोनात टिक झालेली, आणि बाण 'रिमूव्ह फाइल्स' वर. मी म्हटलं, "भाऊजी, माऊसवरून हात काढा."

त्यांनी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सी हा तुकडा, फॉरमॅट न करता (पुसून कोरा न करता) त्याच्यावरच विंडोज टाकलं होतं. तसं केलं की सेटअप जुनी विंडोज पुसत नाही, ती सगळी उचलून विंडोज.ओल्डमध्ये ठेवतो, यूजर्ससकट. घर रंगवताना सामान ओट्यावर काढून ठेवतात, तसं. फरक इतकाच की साधारण दहा दिवसांनी विंडोज ते ओट्यावरचं सामान स्वतःच टाकून देते. आणि भाऊजी ते पहिल्याच दिवशी टाकायला निघाले होते.

मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका. गिऱ्हाइकांची मशीनं बदलताना हा फोल्डर इतक्यांदा उपसलाय की त्यात विशेष काही वाटत नाही. तिन्ही तिसऱ्या शाखा मिळाल्या. भाऊजींनी फाइल उघडली आणि दुसरा निकाल दिला: "करप्ट आहेत." स्क्रीनवर रोमन अक्षरं, डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली, ओळीच्या ओळी. पुण्यात कुणी युनिकोडशिवाय, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या हल्लीच्या मराठीशिवाय, दुसरं काही बघितलेलंच नसावं! श्रीलिपीच्या जुन्या फायलीत मराठी नसतंच, अक्षरांचे आकडे असतात. त्यांना देवनागरी रूप फॉन्ट देतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नव्हता, एवढंच. जुने फॉन्टही विंडोज.ओल्डमध्येच, विंडोज आणि त्यात फॉन्ट्स. (एक्सप्लोररमधून तिथे गेलं की तो शहाणपणा करून कधीकधी नव्याच विंडोजचे फॉन्ट दाखवतो. मी कमांड प्रॉम्प्टवरून कॉपी केले.) श्री-देव-०७०८ इन्स्टॉल करून फाइल पुन्हा उघडली आणि पहिल्या ओळीत मूळ पुरुषाचं नाव, गोत्रासकट. टायपिंगसाठी श्रीलिपी पुन्हा टाकावी लागली, पण ती नंतरची गोष्ट. तेव्हा तुमच्या फायलींतलं मराठी असंच विचित्र दिसलं तर घाबरून डिलीट करू नका.

आणि हे 'डी ला ठेवा' प्रकरण. महाराष्ट्रातला प्रत्येक हार्डवेअरवाला हा मंत्र देतो आणि भाऊजींसारखे शिकलेले लोकही तो जपतात. सी आणि डी बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय ऑक्टोबर २०१८ आठवा. विंडोज १० चं १८०९ अपडेट मायक्रोसॉफ्टला चार-पाच दिवसांत थांबवावं लागलं होतं, कारण काही लोकांच्या फायली खरंच पुसल्या गेल्या. कुणाच्या? ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसरीकडे, म्हणजे डी वगैरेवर वळवले होते आणि काही फायली जुन्या जागी तशाच राहिल्या होत्या. अपडेटला वाटलं जुना फोल्डर फालतू आहे. दुरुस्त होऊन ते पुन्हा यायला १३ नोव्हेंबर उजाडला. हे मी त्या दिवशी जेवताना सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "ती एज केस होती, क्वचित घडणारी." असेल. पण साधं डेस्कटॉपवर ठेवणाऱ्यांना त्यात काही झालं नव्हतं.

राहिलं तुमचं. विंडोज.ओल्ड नसेल तर दोन जागा बघा. एक म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा. नवी विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली की ती अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवते. मग कुणी 'बॅकअप' बंद केला की साधा डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि फायली वनड्राइव्हच्या आत बसलेल्या असतात. ब्राउझरमधून वनड्राइव्हमध्ये जाऊन तिथलं रिसायकल बिनही बघा, घरगुती खात्यात तिथे ३० दिवस राहतं. दुसरं, सुरू होताना 'तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन केलंय' असं काही येत असेल तर काहीच सेव्ह करू नका, रीस्टार्ट करा. तुमचं खरं खातं यूजर्समध्ये शाबूत असतं.

दुकानदाराने सरळ फॉरमॅट मारला असेल तर मात्र वनड्राइव्ह सोडून वरचं काही चालणार नाही. तेव्हा मशीन बंद ठेवा. साधी हार्ड डिस्क असेल तर आशा आहे. एसएसडी (नव्या मशीनमधली चिपवाली डिस्क) असेल तर फार आशा धरू नका, डिलीट झालेली जागा ती स्वतःच साफ करते, मग कितीही महागाचं सॉफ्टवेअर आणा. पैसे देण्याआधी ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तिथून मायक्रोसॉफ्टचं फुकट विंडोज फाइल रिकव्हरी चालवून बघा. कमांडवर चालतं, आणि सापडलेलं ठेवायला दुसरा ड्राइव्ह लागतो. कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच सी वर इन्स्टॉल करू नका, हे आधी सांगायला हवं होतं.

दुकानदाराला एकच विचारा: फॉरमॅट केलं का, हो की नाही. तो आढेवेढे घ्यायला लागला तर पैसे देऊ नका.

बाबा अजूनही डेस्कटॉपवरच ठेवतात. मी दर रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेते आणि ती माझ्या कपाटात असते. भाऊजींनी कुलवृत्तांत मागितला की त्यांना पीडीएफ मिळते.