एल्कसाठी गोळी कुठली, नेम कुठे?

प्रश्न: मी कोलोरॅडोत राहतो, यंदा पहिल्यांदाच एल्कच्या (तिथलं मोठं हरीण) शिकारीला जातोय, लायसन्स काढलंय, रायफल .३०-०६ मापाच्या काडतुसाची आहे. गोळी कुठली घेऊ?

उत्तर: रायफल पुरेशी आहे हो. १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) बाँडेड, म्हणजे आतलं शिसं बाहेरच्या तांब्याच्या कवचाला घट्ट जोडलेली, किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घ्या, कारण मोठा नर ३०० किलोच्या वर भरतो आणि पटकन फुटणारी गोळी खांद्याच्या हाडावरच विखुरली की फुप्फुसापर्यंत पोचतच नाही, मग जखमी जनावर लांब पळतं आणि हाल हाल होऊन मरतं, ते बघवत नाही. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धरा, तिरकं पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने. डोक्यावर मारू नका, जबडाच फुटतो. पूर्ण पाठमोरं असेल तर चक्क सोडून द्या.