कर्ज काढून कुर्बानी? आधी हे वाच

एका बहिणीचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. नवऱ्याची नोकरी गेलीय, घरभाडं थकलंय आणि बकरी ईद तोंडावर आलीय. दरवर्षी घरात कुर्बानी होते, यंदा जमणार नाही हे दोघांनाही कळतंय, पण नवरा म्हणतो लोन ॲपवरून पैसे उचलू, ईद झाल्यावर बघू. परवा मोठ्या दिराचा फोन आला तर हा बाल्कनीत जाऊन म्हणाला, "हो हो भाईजान, जनावर बघून ठेवलंय", आणि ही आत कपड्यांच्या घड्या घालत सगळं ऐकत होती. मुलीला नवा ड्रेस हवाय. शेवटी विचारलंय, "आपा, कुर्बानी नाही केली तर गुनाह होईल का? आणि लोकांना काय सांगू?"

तू मला आपा म्हणालीस म्हणून एकेरीच बोलते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे गं, दुसराच खरा अवघड आहे, आणि मला वाटतं तुझ्या नवऱ्याची झोपही त्या दुसऱ्यानेच उडालीय.

कुर्बानी ऐपत असलेल्यावर आहे. हनफी मसलकात (मसलक म्हणजे धर्मनियमांची परंपरा) जो साहिबे निसाब, म्हणजे निसाबाइतक्या मालमत्तेचा धनी, असेल त्याच्यावर वाजिब, म्हणजे बंधनकारक, तर शाफई, मालिकी, हंबली या बाकीच्या मसलकांत ती सुन्नते मुअक्कदा, म्हणजे ताकीद मोठी पण ऐपत नसेल तर गुनाह नाही. निसाब म्हणजे साधारण 87 ग्रॅम सोनं किंवा 612 ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीचा पैसाअडका, तोही रोजच्या गरजा आणि देणी वजा करून जे उरेल त्यातून. थकलेलं भाडं हे देणंच आहे. तुझ्या नवऱ्याचा हिशोब तू पत्रात दिलायस तेवढ्यावरून तरी तो यात बसत नाही. मग ज्याच्यावर वाजिबच नाही त्याने व्याजाचं कर्ज काढायचं, म्हणजे सूद, ज्याची सक्त मनाई आहे ते करून जी आपल्यावर नाही ती इबादत करायची! हे कोणाच्या डोक्यात बसतं? सूरह हजच्या 37 व्या आयतीत सरळ सांगितलंय की अल्लाहपर्यंत ना गोश्त पोचतं ना रक्त, पोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे मनातली अल्लाहची भीड. आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या-आठवणींच्या नोंदींत, आहे की हुजूर ﷺ, म्हणजे पैगंबर, यांनी उम्मतमधल्या, म्हणजे आपल्या अनुयायांमधल्या, ज्यांना कुर्बानी जमली नाही त्यांच्या वतीनेही जनावर जिबह केलं होतं. हे नवऱ्याला वाचून दाखव, पण भांडणात नको, भांडणात आयत काढली की समोरच्याला ती टोमणाच वाटते.

आता एक गोष्ट, जी तुला कदाचित आवडणार नाही. पत्रात जाता जाता लिहिलंयस की लग्नातलं सोनं अजून तुझ्याकडे आहे. बाई, हनफी हिशोबात नवराबायकोचा निसाब वेगवेगळा धरतात, दागिना तुझा तर हिशोबही तुझा. नुसतं सोनंच असेल तर सोन्याचा निसाब लागतो, पण सोबत थोडी रोकड किंवा चांदी असली की सगळ्याची मिळून किंमत चांदीच्या निसाबाशी लावतात, आणि चांदी सोन्याच्या मानाने खूपच स्वस्त असल्याने बऱ्याच बायका नकळत साहिबे निसाब असतात. म्हणजे तो सुटला आणि तू अडकलीस असंही होऊ शकतं. तसं निघालं तरी घाबरू नको, अख्खा बकराच पाहिजे असं नाही, मोठ्या जनावरात सात जणांचे हिस्से होतात, त्यातला एक घेतला की तुझी कुर्बानी झाली.

ड्रेसचं म्हणशील तर ईदला आपल्याकडे असलेले चांगले स्वच्छ कपडे घालणं सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे, नवेच हवेत असं कुठे म्हटलंय? पोरीला खोटं सांगू नको पण रडगाणंही गाऊ नको, "यंदा पैसे कमी आहेत, हाच मस्त इस्त्री करून घालू" एवढं पुरतं, मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात किती वाईट वाटून घ्यायचं ते.

आता लोकं. शेजारणीने विचारलं "तुमच्याकडे कधी?" तर "यंदा नाही आमच्याकडे" म्हण आणि विषय बदल, कारण देत बसलीस की चार प्रश्न अजून येणार. कोणी गोश्त पाठवलं तर दार उघडून हसत घे, इतकी वर्षं तुम्ही वाटलंत तेव्हा घेणाऱ्यांना तुम्ही कमी लेखत होतात का? नाही ना.

दिराचं मात्र वेगळं आहे. हुजूर ﷺ कर्जापासून पनाह मागायचे, का म्हणून विचारलं तर म्हणाले की माणूस कर्जात बुडाला की बोलतो ते खोटं बोलतो आणि वादा करतो तो मोडतो. तुझ्या नवऱ्याने तर कर्ज काढायच्या आधीच सुरुवात केलीय! त्याला स्वतःलाच भाईजानला फोन करू दे, तू परस्पर जावेला सांगू नको, त्याची उरलीसुरली इज्जतही जाईल. आणि भाईजानला कळलेलं बरंच, कारण भाऊ गरजू भावाला जकात, म्हणजे ऐपतदाराने दरवर्षी द्यायचं सक्तीचं दान, देऊ शकतो, आईबाप आणि मुलांना देता येत नाही पण भावाला चालते, वर नातेवाइकाला दिल्याचा दुहेरी सवाब, म्हणजे पुण्य. त्या पैशातून भाडं फिटेल. तुझ्या सोन्यामुळे तू स्वतः जकात घेऊ शकणार नाहीस असं होऊ शकतं, पण त्याचा हिशोब वेगळा हे वर सांगितलंच. घरमालकाशीही बोला, सूरह बकराची 280 वी आयत तंगीतल्या देणेकऱ्याला मुदत द्यायला सांगते, तो मानेल न मानेल, पण गप्प राहून तोंड चुकवण्यापेक्षा विचारलेलं बरं.

ते लोन ॲप आधी फोनमधून उडवायला लाव. आणि मुफ्तीसाहेबांकडे, म्हणजे धर्मनियम सांगणाऱ्या जाणकारांकडे, ईदच्या आधीच जा, दागिन्यांचं वजन, हातातली रोकड, सगळी देणी कागदावर लिहून ने, अंदाजाने सांगितलंस तर उत्तरही अंदाजाचंच मिळेल.