विचारा की! : पाकिटावरची ‘स्पेशालिटी’ आणि सुपातले ३५० ग्रॅम

प्रश्न : मुलानं बेंगळुरूहून कॉफीचं पाकीट आणलं. २५० ग्रॅमला साडेसहाशे रुपये! वर ‘स्पेशालिटी ग्रेड’ आणि ‘८५’ असं छापलंय. आम्ही वर्षानुवर्षं दुकानातून ‘प्लांटेशन ए’ दळून आणतो, तीही चांगलीच लागते. मग हे स्पेशालिटी म्हणजे नुसतं नाव, की त्यात काही आहे? — एक वाचक, निपाणी

उत्तर : आहे की. आणि ते मोजता येतं.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द १९७४ साली एर्ना नुटसेन या अमेरिकेतल्या कॉफी-व्यापारी बाईंनी वापरात आणला. एखाद्या ठरावीक मुलखाच्या हवापाण्यातून दाण्याला येणारी चव, असा त्यांचा अर्थ होता. पुढे जाणकारांच्या संघटनेनं त्याला गुणांची मोजपट्टी लावली. शंभरपैकी ८० आणि त्याच्या वर गेली तर स्पेशालिटी. तुमच्या पाकिटावरचा ८५ हा तो आकडा.

गुण देण्याआधी कच्चा, म्हणजे न भाजलेला हिरवा दाणा निवडतात. आमचं बेळगावच्या शहापुरात कॉफी भाजून, दळून द्यायचं दुकान आहे, मामंजींनी घातलेलं. माल आला की मी अजूनही ३५० ग्रॅम दाणे मोजून सुपात घेते आणि दारातल्या उजेडात बसते. नमुना तेवढ्याच वजनाचा घ्यायचा असा नियमच आहे. आपल्याकडे बासमती निवडतात तसंच हे काम. पूर्ण काळा पडलेला दाणा, आंबलेला तांबूस दाणा, बुरशी धरलेला दाणा हे मोठे दोष. यातला एकही चालत नाही. फुटका दाणा किंवा किड्यानं टाचणीएवढं भोक पाडलेला दाणा हे लहान दोष. पाच फुटके मिळून एक दोष धरतात, आणि असे पाचपर्यंत दोष माफ असतात. एका आंबलेल्या दाण्यासाठी एवढं कशाला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. तसा एक दाणा मुद्दाम एका कपात दळून बघितला. त्या कपाला शिळ्या ताकाचा वास आला, शेजारचे चार कप स्वच्छ.

म्हणूनच चाखायची ती पाच कपांत. प्रत्येकात सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड आणि १५० मिलिलिटर पाणी, ९३ अंशांचं, म्हणजे उकळी मोडल्यावरचं. चार मिनिटांनी वर जी साय धरते ती चमच्यानं मोडायची आणि नाक अगदी कपात घालायचं. तेवढ्या क्षणात जो वास वर येतो तो पुन्हा येत नाही. मग साय काढून, थोडं निवल्यावर चमच्यानं भुरका मारायचा. घरी भुरका मारला की ओरडा बसतो, इथं जोरात मारावाच लागतो, म्हणजे कॉफी फवाऱ्यासारखी जिभेवर पसरते आणि वास मागून नाकात चढतो. सुवास, चव, घोट गिळल्यावर मागे राहणारी चव, आंबटपणा, तोंडातला भरीवपणा, समतोल, गोडवा, स्वच्छपणा, पाची कपांतला सारखेपणा आणि एकूण मत अशा दहा बाबींचे गुण मिळवायचे आणि दोषांचे वजा करायचे. कॉफी निवत जाताना पुन्हापुन्हा चाखतात. चांगली कॉफी कोमट झाल्यावर जास्त गोड लागते, आणि वाईट कॉफीचं सगळं झाकलेलं तेव्हा बाहेर येतं.

आता तुमची ‘प्लांटेशन ए’. कॉफीचे मुख्य प्रकार दोन, अरेबिका आणि रोबस्टा. आपल्याकडे ‘प्लांटेशन’ म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, आणि ‘ए’, ‘डबल ए’ ही चाळणीवर ठरणारी आकाराची प्रत. मोठा, एकसारखा दाणा एकसारखा भाजतो, हा त्याचा फायदा. पण आकार म्हणजे चव नव्हे. ‘डबल ए’ माल ७८ वर अडकलेला मी चाखलाय आणि त्याहून बारीक दाणा ८४ ला गेलेलाही. शिवाय दुकानातून आणता त्या पुडीत चिकोरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ, किती, ते बघा. कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते आणि प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं. चिकोरी वाईट नाही, कॉफीला रंग आणि दाटपणा देते, आमच्याकडेही निम्मी गिऱ्हाइकं सत्तर-तीसच मागतात. पण चिकोरीची पूड आणि ८५ गुणांचा दाणा यांची तुलना करू नका.

हे गुण येतात कुठून? ते बघायला मी जानेवारीत चिक्कमगळूरच्या एका मळ्यावर चार दिवस राहिले. मेस्त्री, म्हणजे तिथला मुकादम, बायकांना सारखा सांगत होता, ‘कायि बेड, हण्णु मात्र’, म्हणजे कच्चं नको, पिकलेलंच घ्या. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लाल फळ शेजारी शेजारी असतं, म्हणून त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. मी लाल फळ बोटांत दाबलं, तर दाणे टचकन बाहेर आले, भोकराच्या गरासारखे बुळबुळीत आणि गोड. हिरवं फळ दाबलं तर काहीच सुटेना. साखरच धरलेली नव्हती ना त्यात. ते फळ ढिगात गेलं की पुढे कितीही नीट भाजा, कपात तुरटपणा येणारच.

संध्याकाळी फळं पाण्याच्या हौदात ओतली. पोकळ, किडकी वर तरंगली ती काढून टाकली. मग साल काढून दाणे आंबवायला ठेवले. दुसऱ्या दिवशी मळेवाले दर तासाला हौदात हात घालून मूठभर दाणे चोळून बघत होते. बुळबुळीत लागले की परत ठेवायचे, वाळूसारखे खरखर वाजले की लगेच धुवायचे. तिथे उशीर झाला तर तोच शिळ्या ताकाचा वास. नंतर जाळीच्या मांडवांवर पातळ थर पसरून सारखे हलवत वाळवायचे, दुपारच्या कडक उन्हात झाकायचे, आणि ओल दहा-अकरा टक्क्यांवर आली की थांबायचं. भाजणारा काय किंवा कॉफी गाळणारा काय, या गुणांत एकाचीही भर घालू शकत नाही. दाणा मळ्यावरून जे घेऊन आला ते राखणं एवढंच आमच्या हातात.

आणि तेही राखणं सोपं नाही. काही वर्षांपूर्वी मी ८४ गुणांच्या कॉफीची दोन पोती मे महिन्यात घेतली आणि साध्या तागाच्या पोत्यांतच मागच्या खोलीत ठेवली. आपला बेळगावचा जुलै तुम्हाला सांगायला नको, भिंती पाझरत असतात. सप्टेंबरात पोतं उघडलं तर दाणा फुगून फिकट झालेला, आणि कपात दुसरं काही नाही, फक्त तागाचा वास. ज्या बायकांनी ती फळं एकेक करून खुडली त्यांचे हात डोळ्यांपुढे आले आणि फार वाईट वाटलं. किनारपट्टीवर ‘मान्सून्ड मलबार’ नावाची कॉफी करताना दाणा असाच पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, पण तिथे ते सारखं हलवून, पोती बदलून, मुद्दाम केलेलं असतं. माझ्याकडे नुसती हेळसांड झाली होती. तेव्हापासून आतून जाड प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पिशव्या, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

तुमच्या साडेसहाशेचं म्हणाल तर हिशेब करा. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्चा दाणा निघतो, भाजताना वजन आणखी घटतं. तुमच्या पाव किलोत दीड-पावणेदोन किलो फळं गेलीत, निवडून खुडलेली. पाकिटावर मळ्याचं नाव, जात (एस ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी अशी काहीतरी), धुतलेली की फळासकट वाळवलेली ते, आणि भाजल्याची तारीख असेल तर पैसे रास्त आहेत. नुसताच ‘स्पेशालिटी’ शब्द असेल आणि तारीख नसेल तर माझ्या मते घेऊ नये.

प्रश्न : जांबोटीजवळ आमची सुपारीची बाग आहे. त्यात कॉफी लावली तर स्पेशालिटी होईल का? — खानापूर तालुक्यातील एक शेतकरी

उत्तर : अरेबिकाचा नाद सोडा, काका. तिला साधारण १००० ते १५०० मीटर उंची मानवते, आपला भाग त्याखाली आहे. रोबस्टा ५०० मीटरपासून चालते, आणि सुपारीखाली तिची लागवड मलनाडात करतातच. रोबस्टा म्हणजे हलकी, ही समजूतही जुनी झाली. तिच्यासाठी ‘फाइन रोबस्टा’ अशी वेगळी तपासणी आहे, तिचाही उंबरठा ८० च.

तीन गोष्टी आधी बघा. एक, फेब्रुवारी-मार्चात फुलाचं पाणी. वळीव वेळेवर पडला नाही तर तुषार सिंचनानं द्यावं लागेल, मग आठ-दहा दिवसांत झाड पांढरंशुभ्र फुलतं. दोन, रोबस्टा स्वतःच्याच परागानं फळत नाही, म्हणून एकाच झाडाच्या कलमांनी बाग भरू नका, मधमाश्यांच्या पेट्या ठेवा. तीन, पाण्याचा निचरा. तुमच्याकडच्या पावसात मुळाशी पाणी साचलं तर झाड बसलंच. पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर सुपारीला हात लावू नका. एकदम दोन एकर नको, शंभर रोपं लावा. चिक्कमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ पासूनचं कॉफी संशोधन केंद्र आहे, तिथे माती दाखवून या. गव्यांसाठी कुंपणाचा खर्चही धरा.

प्रश्न : आम्हाला दुधातलीच कॉफी आवडते. भारी कॉफी दुधात घालणं म्हणजे वाया घालवणं का? — एक गृहिणी, टिळकवाडी

उत्तर : नाही हो ताई. फक्त दाणा त्या हिशेबानं घ्या. हलकी भाजलेली, आंबटसर कॉफी म्हशीच्या दाट दुधात फाटल्यासारखी लागते. मध्यम किंवा थोडी जास्त भाजलेली घ्या, त्यात चांगली धुतलेली रोबस्टा थोडी मिसळून मागा. आपला स्टीलचा फिल्टर उत्तम आहे. पूड पंधरा दिवसांपुरतीच दळून न्या, झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको, आणि मिरचीपूड-मसाल्याच्या फळीवर तर नकोच. पहिला डिकॉक्शन उतरला की दूध घालण्याआधी एक चमचा तसाच चाखा.