पोरगा मिस्साला येत नाही, प्रार्थना करू तरी किती?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही वसईचे. मुलगा २६ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. शाळेत असताना ऑल्टर बॉय होता, म्हणजे वेदीपाशी फादरांना मदत करायचा, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवली नाही. आता म्हणतो, मम्मी मला आतून काही वाटतच नाही, मग नाटक कशाला करू? नाताळला घरी होता पण रात्रीच्या मिस्साला आला नाही, लोक विचारत होते. मी रोज जपमाळ करते, नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना झाल्या, बांद्र्याला माउंट मेरीच्या चर्चमध्ये नवसाचा मेणाचा मुलगा वाहून आले. काही फरक नाही. देव ऐकत नाही का? की माझंच वळण कमी पडलं?

उत्तर: ताई, वळणाचं आधी डोक्यातून काढा. एका ताटात जेवलेली दोन भावंडं, एक फादर व्हायला सेमिनरीत जातो आणि दुसरा चर्चच्या पायरीलाही फिरकत नाही, असं आपल्याकडे घरोघरी आहे. आई तीच, जपमाळ तीच.

पण तुमच्या पत्रातले तीन शब्द मला खटकले, "लोक विचारत होते". रागावू नका, पण एकदा स्वतःशीच बघा की पोराची काळजी किती आणि गावात मान खाली गेली त्याचं दुःख किती. दुसरं असणंही चूक नाही, आपण माणसंच आहोत, फक्त ते देवासमोर वेगळं मांडा, म्हणजे पोराच्या नावाने स्वतःच्या अब्रूसाठी मागणं होणार नाही.

संत मोनिकाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, २७ ऑगस्टला सण असतो. प्रवचनात तिने मुलासाठी गाळलेले अश्रू तेवढे सांगतात, बाकीचं राहून जातं. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे स्वतः संत झाला, जन्म ३५४ चा, आजच्या अल्जेरियातला, कॉलेजच्या वयात कार्थेज शहरात शिकायला गेला आणि मानी पंथाच्या, म्हणजे चांगली आणि वाईट अशा दोन शक्ती मानणाऱ्या पंथाच्या, नादी लागला. मोनिका एवढी चिडली की त्याला घरात घेईना, एका टेबलावर जेवेना! मग तिला स्वप्न पडलं, त्यात तिला सांगितलं गेलं की तू जिथे आहेस तिथेच तोही असेल, आणि त्यानंतर तिने त्याला परत घरात घेतलं. बघा, तो तसाच होता, एक अक्षरही बदलला नव्हता, आधी ताट लागलं.

पुढे ती एका बिशपांकडे गेली, म्हणाली तुम्ही त्याला जरा समजवा. बिशप चक्क नाही म्हणाले. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले, त्यांना माहीत होतं की हा पोरगा आत्ता ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, म्हणाले त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ही बाई काही हटेना, रडायला लागली, तेव्हा ते वैतागून म्हणाले, जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. हे वाक्य आपण फ्रेम करून लावतो, पण ते वैतागून निघालेलं आहे हे मला फार आवडतं, आणि खरा सल्ला त्याच्या आधीचा आहे.

आणि देव ऐकत नाही म्हणता, तर ३८३ साली ऑगस्टीन आईला खोटं सांगून, मित्राला पोचवायला आलोय म्हणून, रात्रीच्या जहाजाने रोमला पळाला. ती तेव्हा जवळच्याच संत सिप्रियनच्या चॅपेलमध्ये, त्याने जाऊ नये म्हणूनच प्रार्थना करत बसलेली. सकाळी जहाज गेलेलं. म्हणजे त्या रात्री तिने जे मागितलं ते मिळालं नाही, आणि तो गेला म्हणून तर पुढे मिलानला बिशप अँब्रोजचं प्रवचन त्याच्या कानावर पडलं, आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याने बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याने विधी होऊन चर्चमध्ये आला. हे सगळं त्यानेच लिहून ठेवलंय. मोनिका त्याच वर्षी वारली, वयाच्या ५६ व्या वर्षी.

आता हे वाचून तुमचाही येईलच असं मी म्हणणार नाही, काही जण येत नाहीत. देवानेच माणसाला नाही म्हणायची मोकळीक दिलीय, ती आपल्या नोव्हेनाने काढून घेतली जात नाही.

मग करायचं काय? तो घरी असला की रात्रीच्या जपमाळेत "नमो मरिया" त्याच्या बंद दारापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने म्हणता ना? हेडफोन लावून बसलेल्या पोराला ती प्रार्थना वाटत नाही, टोमणा वाटतो. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर वचनांचे फोटो पाठवणं बंद करा. आणि प्रेयर ग्रुपमध्ये "माझ्या मुलासाठी प्रार्थना करा, तो भरकटलाय" असं टाकू नका, ती बातमी दुसऱ्या दिवशी बाजारात असते. त्याच्यासाठी मागताना फक्त मिस्सा मागू नका, त्याची झोप, त्याचा तो कटकट्या मॅनेजर, त्याचं एकटेपण, हेही मागा, त्यासाठी आधी त्याला ते विचारावं लागेल आणि तिथेच बरंचसं काम होतं. एकदा शांतपणे विचारा, काय झालं रे? कधी कधी कुणी चर्चमध्येच दुखावलेलं असतं, आणि आपण त्याला नास्तिक समजून बसतो. तो बोलला तर मध्ये तोडू नका.

प्रश्न: मुलगी आणि जावई दोघंही चर्चला जात नाहीत, बाळाचा बाप्तिस्मा नको म्हणतात, मोठा झाल्यावर ठरवेल म्हणे. माझ्या जावेने सांगितलं की घरीच बेसिनपाशी पाणी ओतून टाक, कुणाला कळणार नाही. मी दुपट्याला चर्चमधलं पवित्र मेडल लावलं होतं, दुसऱ्या दिवशी ते कपाटावर काढून ठेवलेलं. काय करू?

उत्तर: मावशी, बेसिनपाशी काही करू नका. बाळाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पण धडधाकट बाळाला आईबापांपैकी एकाची तरी संमती लागते आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी आशा लागते, कॅथलिक चर्चच्या कायद्यात कलम ८६८ ला हे लिहिलेलंच आहे. शिवाय बाप्तिस्मा एकदाच होतो, उद्या मुलीचं मन बदललं आणि ती फादरांकडे गेली तर रजिस्टरमध्ये नोंद नाही आणि तुम्हाला खरं सांगावं लागेल, त्या दिवशी ती पुन्हा लांब जाईल. मेडल कपाटावर ठेवलं, फेकलं नाही, बोललीही नाही, म्हणजे तिला सगळं कळलंय. लपवायला काही उरलेलं नाही तर सरळ तिच्याशीच बोला, मला असं असं वाटतं, तुला काय वाटतं म्हणून. जावई नसताना बोललात तर बरं.