जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बघायचंय, पण विंडोज आणि डेटा घालवायचा नाही. कसं करू?

तुमचा लॅपटॉप 2016 चा, विंडोज 11 त्यावर चढत नाही, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून हा विचार. माझंही अगदी हेच झालं, फक्त माझं यंत्र तुमच्यापेक्षा एक वर्षाने म्हातारं.

लगेच इन्स्टॉल करू नका. लिनक्स मिंट (विंडोजसारखीच लॅपटॉप चालवणारी लिनक्स प्रणाली) हिची आयएसओ, म्हणजे सगळी प्रणाली एकत्र असलेली फाइल, उतरवा (तीन जीबीच्या आसपास), रुफस हा पेनड्राइव्ह तयार करणारा प्रोग्रॅम वापरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडा. कळ कंपनीगणिक बदलते. बऱ्याचदा एफ12 नाहीतर एफ9. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा त्यातले लग्नाचे फोटो आधी हलवा. मिंट तिथूनच चालतं, तुम्ही होऊन हात लावल्याशिवाय हार्ड डिस्कवर काही लिहीत नाही. थोडं रखडतं, त्यावरून वेग ठरवू नका. आणि त्यात सेव्ह केलेलं बंद केल्यावर उडतं. माझं दोन पानी पत्र असंच गेलं.

आता रोजची कामं त्यावर करून बघा. माझ्याकडे वायफायच दिसेना. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर (लॅपटॉपचे भाग चालवणारे प्रोग्रॅम शोधणारा) उघडला, तर त्याने हवा तो ड्रायव्हर स्वतःच पुढे केला. प्रिंटर मात्र काही न करता सापडला.

मला खरी धास्ती मराठीची होती. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताखाली मराठीचा लेआउट मिळाला. इनस्क्रिप्टची (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्डची) सवय असेल तर बोटांना नवीन काहीच शिकवावं लागत नाही. मी पहिला शब्द टाइप केला तो 'दुसऱ्या'. त्यातल्या ऱ्यसाठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. रफाराऐवजी नीट अर्धा ऱ्य उमटला, तेव्हा जिवात जीव आला. युनिकोडमधल्या जुन्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडल्या, काहींची पानं थोडी सरकली. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींची मात्र तो फॉन्ट नसल्याने गिचमिड झाली. त्यांच्यासाठी आणि टॅलीसाठी मी विंडोज ठेवलंय.

आठवडाभरात पटलं तर दोन्ही शेजारी ठेवा. आधी बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. डिस्क एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असेल तर ती उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू व्हायची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. जागाही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. शंभर जीबी भरपूर झाली. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय दिसेल. तिथे माउस नेऊसुद्धा नका, 'अलाँगसाइड', म्हणजे विंडोजच्या शेजारी, हा निवडा.

नंतर विंडोज उघडल्यावर सकाळी दहा वाजता घड्याळात साडेचार दिसले तर घाबरू नका. मी बॅटरी गेली समजून दुकानात निघालो होतो! लिनक्स आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. टाइमडेटसीटीएल (timedatectl) या लिनक्समधल्या आज्ञेच्या एका ओळीने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं.