बोंडूच्या चोथ्यात कसले करिअर?

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून तुम्ही लिहिले आहे की मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रस काढून उरलेल्या चोथ्यापासून कार्बन डॉट्स करून पाण्यातली अँटिबायोटिक्स शोधीन म्हणते. 'फेणीच्या भट्टीवर आम्ही टाकून देतो त्यासाठी हिला शिकवले का? बी.एड. करून शाळेत लागली तर बरे,' हे तुमचे म्हणणे.

चोथ्याचा राग सोडा. तो पाण्यासोबत बंद पोलादी भांड्यात १८०-२०० अंशांवर काही तास तापवला की कार्बनचे दहा नॅनोमीटरहून लहान कण, म्हणजेच कार्बन डॉट्स, तयार होतात आणि अतिनील दिव्याखाली बहुधा निळे चमकतात. पाण्यात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक असेल तर ही चमक मंदावते, कारण कणांपर्यंत जाणारा अतिनील प्रकाश ते औषधच शोषून घेते. किती मंदावली, यावरून औषध किती ते काढतात.

आता मुलीला वाचून दाखवा. डॉट्स करणे सोपे आहे. चोथ्याऐवजी केळीची साल घेतलीस तरी चमकेल. खरी परीक्षा नदीच्या पाण्यात. लोहामुळेही ही चमक विझते, आणि आपल्याकडे खाणपट्ट्यातल्या पाण्यात लोहाला काय तोटा! चमक औषधाने घालवली की लोहाने, हे सिद्ध करताना तुझा घाम निघेल. मुलाखतीत मी असतो तर नेमके हेच विचारले असते. म्हणून मार्गदर्शक निवडताना विषयाच्या नावावर भाळू नकोस. चमक मोजणारा फ्लुरोमीटर स्वतः हाताळायला मिळेल का, निकाल एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पडताळता येतील का, एवढे विचारून घे.

नोकरीचे म्हणाल तर कार्बन डॉट्सची जागा म्हणून जाहिरात कुठे दिसणार नाही. पण वेर्ण्याच्या औषध कारखान्यांना गुणवत्ता तपासणीला माणसे लागतात. निर्यातीच्या सुंगटांमध्ये, म्हणजे कोळंबीमध्ये, अँटिबायोटिक्सचा अंश सापडला तर माल परत येतो, म्हणून तिथेही प्रयोगशाळा आल्या. पुढे संशोधनच करायचे तर नेट ही पात्रता परीक्षा द्यावी. बी.एड. कुठे पळून जात नाही, एम.एस्सी.नंतरही करता येते.

एक काम मात्र तुमचे. हंगाम मे महिन्यात संपतो आणि प्रकल्प सुरू होतो पावसात. यंदा दोन-तीन किलो चोथा कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात ठेवा, आणि डब्यावर तारीख लिहा.